उजळणी वर्ग

चौदा दिवस. दहा ते पाच. सही दोनदा.
खानापुरातून पावणेआठची गाडी धरायची,
तिची पाटी वाचावी लागत नाही,
खोकल्यावरून ओळखू येते.

कंडक्टर माझा जुना विद्यार्थी.
शेवटच्या बाकावर असायचा, किंवा नसायचाही;
हजेरीत होता, एवढं खरं.
"आता या वयात काय शिकणार बाई तुम्ही?"
म्हटलं, "शिकवायला शिकायलोय की."
(बाई असून मी 'शिकायलोय' म्हणतो.
लिहिताना 'शिकते' लिहिते.
घरातल्या घरातही सीमा असते एकेकाला.)

बेळगावात, हायवेलगतच्या सभागृहात,
फळ्याच्या जागी पडदा.
म्हैसूरहून आलेले तज्ज्ञ सांगत होते:
पाठाच्या उद्दिष्टात 'समजणे' हे क्रियापद चालणार नाही.
मोजता येत नाही ते.
'यादी करणे' चालेल. 'आकृती काढून नावे देणे' चालेल.
आम्ही साठ जणांनी वहीत
'समजणे' लिहिलं आणि त्यावर काट मारली.

सव्वीस वर्षं मी जास्वंदी उभी चिरत आले,
पाकळ्या सारून, ब्लेडनं, हलक्या हातानं,
आणि बघत आले फुलाकडे नाही,
समोरच्या पोरीच्या कपाळाकडे.
तिथली आठी सुटते तो क्षण
कोणत्या रकान्यात भरायचा, सर?
हे मी विचारलं नाही. जेवणाची वेळ झाली होती.

शेजारच्या खुर्चीत गोकाकच्या शैलजा हुक्केरी, भौतिकशास्त्र.
माझं कन्नड भाजीपुरतं, सुट्ट्या पैशांपुरतं.
त्यांचं मराठी शेजारणीच्या भांडणातून आलेलं,
म्हणून फार अस्खलित.
भाकरीवर शेंगाचटणी वाढत म्हणाल्या,
"आमच्यात कली म्हणजे शिक. कलिसु म्हणजे शिकव.
एक 'सु' लावला, झाला मास्तर."
मी म्हटलं, आमच्यातही तसंच, एक 'व' फक्त.
मग घास तसाच हातात राहिला.
'व' म्हणजे तर 'आणि'.
शिक, व…
पुढचं काय ते कुणी लिहूनच ठेवलं नाही.

आणि परशराम.
आमच्याच कॉलेजात तासावर शिकवतो, आठ वर्षं झाली.
पत्रात स्पष्ट होतं: फक्त कायम सेवेतील.
त्याला पाठवलं होतं माईक बघायला,
पडदा वाकडा झाला की सरळ करायला.
दाराशी उभा राहून चहाच्या बिलांमागे
तो टिपून घ्यायचा सगळं.
नवव्या दिवशी एक बिल माझ्या हातात सरकवलं:
'वर्गात पोरं दोन भाषांची असतील
तर उत्तर कोणत्या भाषेत मोजायचं?'
मी उठून विचारलं. माझा म्हणून.
"उत्तम प्रश्न, कंग्राळकर मॅडम," तज्ज्ञ म्हणाले,
आणि पुढची स्लाइड लावली.
टाळ्या झाल्या थोड्या. मी दाराकडे बघितलं नाही.

शेवटी प्रमाणपत्र. वर कन्नड, खाली इंग्रजी.
कन्नडात माझ्या आडनावातल्या शेवटच्या 'र'चा
पाय मोडलेला. त्यांच्यात तसंच लिहितात,
चूक नव्हे. तरी दुखलं जरा.
अभिप्रायाच्या कागदावर 'काय शिकलात?'
पुढे दोन ओळी जागा.
एकच शब्द लिहिला: समजलं.
खोडला नाही.

परतीच्या गाडीत परशराम पुढच्या सीटवर.
सांगायचं होतं, तुझा प्रश्न माझ्या नावावर गेला बघ.
त्याऐवजी म्हटलं, ही फाइल घे, सगळं आहे त्यात.
त्यानं उघडली, छापील पानं काढून
माझ्याच मांडीवर ठेवली नीट रचून.
"हे ऐकलंय मी, मॅडम.
मागचे कोरे कागद तेवढे देता काय?
उद्या आठला टेस्ट घेतोय पोरांची."